चेतक शिकताना सगळी विद्या डाव्या मनगटात

श्रोतेहो, नमस्कार.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रात गिअरची गाडी शिकलेल्या असंख्य लोकांचा पहिला गिअर पायाखाली नव्हता, डाव्या मुठीत होता. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 साली बाहेर पडलेली बजाज चेतक स्कूटर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर घरी यायची. आजही कितीतरी घरांच्या जिन्याखाली, गोठ्याच्या कडेला ती चादर पांघरून उभी आहे. ती पुन्हा चालती करून घरातल्या मुला-मुलींना तिच्यावर गिअर शिकवायचा असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी.

आधी पेट्रोल. हे इंजिन टू-स्ट्रोक. त्याच्या सिलिंडरला वेगळं ऑइल मिळत नाही, पेट्रोलमधून जेवढं जाईल तेवढंच. प्रमाण 2 टक्के, म्हणजे 1 लिटरला 20 मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचं, ऑइल. 5 लिटर भरलं तर 100 मिली. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. ऑइल जास्त झालं तर ठिणगी पाडणारा प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी बसून गाडी ओढत नाही. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, साफ करा आणि पेट्रोलची नळी बदलाच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं, तडकतं. इंजिन गरम असताना नळीतून ठिबकणारं पेट्रोल हा आगीचा धोका आहे. गिअर बॉक्सचं ऑइल निराळं. तेही काळं, पातळ झालं असेल तर बदला, कारण क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलमध्ये फिरतात.

आता किक. सीटखालचा पेट्रोलचा कॉक उघडा, गार इंजिनाला चोक द्या, म्हणजे पेट्रोल जास्त जाईल, आणि किक पूर्ण खालपर्यंत मारा. अर्धवट किकने गाडी सुरू होत नाही, उलट किक पायावर येते. गाडी आडवी कलंडवून सुरू करणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. कलंडवल्यावर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल जेटकडे चढतं आणि चोक दिल्यासारखा परिणाम होतो. पण दोन-तीनदा कलंडवूनही सुरू झाली नाही, तर थांबा. प्लग ओला झालेला असतो. तो काढून कोरडा करा, कॉक बंद ठेवून चार किका मारा, मग प्लग लावा.

मुख्य गोष्ट मुठीची. डाव्या मुठीवर 1, 0, 2, 3, 4 असे आकडे असतात आणि क्लचचा लिव्हर त्या मुठीबरोबरच फिरतो. पहिल्यात लिव्हर वर जातो, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यात टप्प्याटप्प्याने खाली येतो. चौथ्यात तो इतका खाली असतो की लहान हाताच्या माणसाची बोटं पोचायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्या वेळी थांबायची पाळी आली की घोटाळा होतो. म्हणून शिकणाऱ्याला गाडी बंद ठेवून, स्टँडवर, पन्नास वेळा तरी पहिल्यापासून चौथ्यापर्यंत आणि परत असं करायला लावा. मागचं चाक हाताने थोडं पुढेमागे हलवत राहा, नाहीतर उभ्या गाडीत गिअर पडत नाही. जबरदस्तीने मूठ पिळली की वायर ताणते.

मैदानात पहिला धडा हाफ क्लचचा. पहिला गिअर टाकायचा, रेस न वाढवता लिव्हर सावकाश सोडायचा. गाडी किंचित थरथरते, पुढे सरकू बघते, तिथे बोटं थांबवायची. तो बिंदू हाताला कळला की अर्धं काम झालं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये न्यूट्रल, म्हणजे 0, लागतो. मूठ अर्धवट फिरली की इंजिन ओरडतं आणि गाडी तिथेच राहते. हे वारंवार होत असेल तर दोष शिकणाऱ्याचा धरू नका, गिअरच्या दोन वायरी तपासा. त्यांतली एक सैल झाली की आकडा आणि प्रत्यक्ष गिअर यांचा मेळ सुटतो. वायरी ताणूनही चढावर गिअर सुटत असेल, तर गिअर धरून ठेवणारा आतला भाग, क्रॉस, झिजलेला असतो. तो इंजिन उतरवूनच बदलावा लागतो.

इंजिन उजव्या बाजूला असल्याने गाडी उजवीकडे जड असते. उभं राहताना डावा पाय टेकवा, उजवा मागच्या ब्रेकवर. चाकं लहान, 10 इंची, त्यामुळे वाळूवर, खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.

आणि घाट. दिवे घाट, खंबाटकी उतरताना रेस पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये ठेवली, तर इंजिन जोरात फिरतं, पण त्याला पेट्रोलच मिळत नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. म्हणून उतारावर अधूनमधून थोडी रेस द्या. इंजिनाचा आवाज अचानक दबला, गाडी मागून कोणी धरल्यासारखी वाटली, की पिस्टन धरू लागला आहे. त्या क्षणी क्लच दाबा. मागचं चाक मोकळं राहतं आणि तुम्ही सावरता. कडेला उभी करा, इंजिन पूर्ण गार होईपर्यंत किक मारू नका.

रस्त्यावर येण्याआधी कागद बघा. 15 वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी नवी करावी लागते, पीयूसी आणि विमा हवाच. गिअरच्या गाडीचा शिकाऊ परवाना 18 वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो, तो 6 महिने चालतो, आणि पक्क्यासाठी परीक्षा 30 दिवसांनंतर देता येते. ते 30 दिवस मैदानातच काढा.

नमस्कार.