काळ्या मातीत रेड हॉट पोकर

श्रोतेहो, नमस्कार.

पोळा झाला, महालक्ष्म्या जेवून गेल्या, सोयाबीन पिवळं पडू लागलं. दसऱ्यापर्यंत पाऊस हात आखडता घेईल आणि ज्यांना घरापुढे फुलझाडांची हौस आहे त्यांची लगबग सुरू होईल. आज बोलायचं आहे ते एका पाहुण्या फुलझाडाबद्दल. मोबाइलवर त्याचं चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. गवतासारख्या लांब पानांचा झुबका, त्यातून वर आलेला कमरेएवढा सरळ दांडा आणि दांड्याच्या टोकाला पेटत्या टेंभ्यासारखं लाल-पिवळं फूल. याला रेड हॉट पोकर म्हणतात, कुणी टॉर्च लिलीही म्हणतं. शास्त्रीय नाव क्निफोफिया. हे नाव जर्मनीतल्या क्निफोफ नावाच्या डॉक्टरवरून पडलं. अठराव्या शतकातला हा गृहस्थ खऱ्या झाडपाल्याला शाई लावून त्याचे ठसे कागदावर उमटवायचा. कॅमेरा नव्हता तेव्हाची ही युक्ती, म्हणून सांगितली.

मोर्शीकडच्या एका ताईंनी पत्रातून विचारलं आहे, "या फुलाले ऊन चालते म्हणतात, मंग आपल्या इकडं तं ऊनच ऊन हाय. लावू काय?"

ताई, लावा. पण "फुल सन" हे दोन शब्द वाचून लावू नका. बियांच्या पाकिटावर ते शब्द लिहिणाऱ्याने आपल्याकडचा मे महिना पाहिलेला नसतो. इंग्लंडमधला माणूस ज्याला भरपूर ऊन म्हणतो, ते आपल्या पौषातलं सकाळचं ऊन. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा तिथली पुस्तकं आपल्या कामाची राहत नाहीत. तरी उन्हाची गोष्ट मी नंतर सांगणार आहे. कारण हे झाड आपल्याकडे दगावतं ते बहुतेक वेळा उन्हाने दगावत नाही. त्याचं मरण आषाढ-श्रावणात ठरतं, आपल्या काळ्या मातीत. आज मुख्य सांगायचं ते हेच.

हे झाड मूळचं आफ्रिकेचं. त्याच्या साधारण सत्तर जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला, लेसोथो नावाच्या देशाच्या डोंगरपठारांवर वाढतात. आता गंमत बघा. त्यातल्या कितीतरी जाती ओढ्याच्या काठाला, पाझराच्या ओल्या जागेत उगवतात. मग कुणीही विचारेल, की बाप्पा, जे झाड ओढ्याकाठी राहतं त्याला आपल्या पावसाचं काय वावडं? फरक एवढाच आहे, की तिथलं पाणी थंड असतं आणि वाहतं असतं. उताराची जमीन, गोटे, त्यातून पाणी मुळांना भिजवून पुढे निघून जातं. आपल्या कन्हार, म्हणजे भारी काळ्या जमिनीत पाणी मुक्कामाला येतं. ही माती ओली झाली की फुगते, तिच्यातल्या बारीक फटी मिटून जातात आणि हवेला आत शिरायला वाट राहत नाही. वरून उकाडा. अशा कोमट, कोंदट चिखलात क्निफोफियाची जाड मांसल मुळं आठ-पंधरा दिवस राहिली की सडू लागतात. सड गड्ड्यापर्यंत पोचली की मधला कोंब हाताने नुसता ओढला तरी अलगद निघून येतो. वरची पानं तेव्हाही हिरवीच दिसत असतात, म्हणून माणूस फसतो आणि आणखी पाणी घालतो.

संत्रेवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. वरूड-काटोलकडे संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळायचा रोग, डिंक्या, कशाने येतो हे शाळकरी पोरगंही सांगेल. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून आपण दुहेरी आळं करतो, आतलं कोरडं ठेवतो आणि पाणी बाहेरच्या आळ्यात सोडतो. बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पोकरला पेस्ट लावायची नाही, पण पाण्याची रीत तीच ठेवायची. गड्डा कोरडा, ओल बाजूला.

तेव्हा आधी जागा पाहा. घरापुढे किंवा सांदवाडीत जिथे लावायचं ठरवलं असेल तिथे फूटभर खोल खड्डा खणा आणि पाण्याने काठोकाठ भरा. ते जिरलं की संध्याकाळी पुन्हा भरा आणि झोपा. सकाळी खड्डा रिकामा दिसला तर तुमचं नशीब चांगलं, तुमची जमीन बरडी किंवा मुरमाड आहे, सरळ जमिनीत लावा. तळाशी पाणी चकाकताना दिसलं तर त्या जागी वाफा उंच केल्याशिवाय झाड लावू नका. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या मंडळींनी खड्डा खणायचीही तसदी घेऊ नये. तिथे माती चोपण, म्हणजे पाणी न जिरणारी, आणि पाणी खारं, तिथे कुंडीच बरी. तीही मोठी, चौदा इंची, आणि तिला पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर उत्तम.

जागेच्या बाबतीत आणखी एक. आपल्याकडे रंगीत फुलझाड म्हटलं की कर्दळ, आणि कर्दळीची जागा ठरलेली, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ. पोकरचं फूल लांबून कर्दळीच्या रंगाचं दिसतं म्हणून त्याला त्याच ओळीत बसवायचा मोह होतो. तिथे ते दोन महिने टिकणार नाही. वळचणीखालीही नको, कारण पावसाळ्यात पागोळ्यांची धार नेमकी गड्ड्यावर पडते. आणि खिडकीला कूलर लावत असाल तर त्याच्या खालची जागाही नको. दिवसभर ठिबकत राहणारं ते पाणी पाहून फुकटची सोय झाली असं वाटतं, पण ती या झाडाची सोय नव्हे.

वाफा असा करा. जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, कडेने दगड किंवा विटा रचलेल्या. तळाला विटांचे तुकडे. वर दोन पाट्या मुरूम, एक पाटी माती, एक पाटी चांगलं कुजलेलं शेणखत, या मापाने भरायचं. शेणखतात थोडी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची भुकटी मिसळून ते आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं तर मुळं सडवणाऱ्या बुरशीला आळा बसतो. युरिया मात्र दाखवूसुद्धा नका. नत्र जास्त झालं की पानांचं रान माजतं आणि दांडा येत नाही.

लावणी दसरा ते दिवाळी. परदेशी तक्त्यांमध्ये लिहिलेलं असतं, की वसंतात लावा, भर उन्हाळ्यात फुलं पाहा. तो तक्ता आपल्याकडे उलटा फिरवायचा. आपला हिवाळा हाच त्याचा उन्हाळा. ऑक्टोबरमध्ये लावलेलं रोप थंडीत मुळं धरतं, पानं काढतं, आणि फुलायचं असेल तर थंडी सरता सरता फुलतं. गड्डा खोल पुरायचा नाही, त्याचं डोकं मातीच्या बरोबरीने असावं. दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर. एकदा लावलं की त्याला जागेवरून हलवू नका. मुळं छेडलेली या झाडाला खपत नाहीत, पुढचं वर्षभर ते रुसून बसतं.

रोप घ्यावं की बी, असंही विचारतात. बी बारीक, काळं असतं. ओलसर वाळूत गुंडाळून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवलं, मग पेरलं, तर उगवण बरी होते. उगवायलाही तीन-चार आठवडे घेतं आणि फूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. धीर नसेल तर थंड हवेच्या ठिकाणच्या रोपवाटिकेतून गड्डाच मागवा. आणि हो, निळ्या, जांभळ्या, इंद्रधनुषी रेड हॉट पोकरच्या बिया ऑनलाइन विकायला असतात. त्या घेऊ नका. या फुलात लाल, शेंदरी, पिवळा, मलई रंग, थोडी हिरवट छटा एवढंच असतं. निळा क्निफोफिया जगात नाही. चित्र संगणकावर रंगवलेलं असतं आणि पाकिटात काय निघेल ते पेरल्यावरच कळतं.

आता ऊन. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दिवसभराचं ऊन खुशाल लागू द्या, सहा तासांच्या खाली ऊन मिळालं तर दांडाच येत नाही. होळी पेटली की मात्र दुपारनंतरची सावली शोधायची. वाफ्याच्या पश्चिमेला तुरीच्या तुऱ्हाट्यांचा ताटवा उभा केला तरी पुरतं, नाहीतर पन्नास टक्क्यांची हिरवी नेट. एप्रिल-मेमध्ये पानांची टोकं करपतील, झुबका मलूल दिसेल. तेव्हा त्याला खत घालून जागं करायला जाऊ नका, त्याला पडून राहू द्या. सोयाबीनचं कुटार मुळांवर दोन बोटं पसरा, पण गड्ड्यापासून चार बोटं दूर. पाणी पहाटे, तेही माती बोटभर खोल कोरडी झाली तरच. नवतपा त्याने सोसला तर मृगाचा पाऊस पडल्यावर नवीन कोंब दिसतील, आणि तिथून पुन्हा पाण्याची राखण सुरू. आठवडाभराची झड लागली तर वाफ्यावर प्लास्टिकचा कागद तिरपा बांधा. घरचे हसतील, हसू द्या. त्याच दिवसांत पानांच्या बेचक्यात गोगलगायी दडून बसतात. सोयाबीनवाल्यांना त्यांची ओळख अलीकडे चांगलीच झाली आहे. संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका.

स्पष्टच सांगतो, चिखलदऱ्याला ज्यांचं घर आहे त्यांना हे झाड आमच्यापेक्षा सोपं जाईल. अकराशे मीटरची उंची, कॉफी पिकते अशी हवा, उताराची जमीन. तिथे फक्त पावसाच्या माऱ्यापासून जपायचं. खाली सपाटीवर, वर्धा-यवतमाळ-नागपूरच्या बाजूला, दरवर्षी फूल येईलच असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून रोप घेऊ नका.

पण आलं तर पाहण्यासारखं असतं. दांड्यावर शेकडो बारीक नळ्या खाली माना घालून दाटीने बसलेल्या. फुलायला सुरुवात खालून होते. वरच्या मिटलेल्या कळ्या लाल, खालच्या उमललेल्या पिवळ्या, आणि रोज ती लाल-पिवळी सीमा बोटभर वर सरकते. नळीत मध भरपूर, बोट लावलं तर चिकट लागतो. आफ्रिकेत हा मध प्यायला शिंजीर येतात. शिंजीर म्हणजे आपल्याकडेही पळसाला, शेवग्याला लटकणारा तो चिमुकला जांभळा-काळा, वाकड्या चोचीचा पक्षी, त्याचेच तिकडचे भाऊबंद. अमेरिकेतला हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो. शिंजिराला शक्यतो बसायला जागा लागते. म्हणून या फुलाचा दांडा काठीसारखा ताठ असतो, पक्षी त्यावरच बसतो आणि मान वाकवून एकेक नळी तपासतो. फूल पूर्ण सुकलं की दांडा मुळाशी कापा, बी धरू दिलं तर गड्डा दमतो.

आणि ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी आपल्याच अंगणातल्या कोरफडीकडे जरा पाहावं. पोकर आणि कोरफड एकाच कुळातल्या. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने 1753 साली पोकरची नोंद केली तेव्हा तर त्याला कोरफडीतच घातलं होतं. 1794 मध्ये मेंख नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांची घरं वेगळी केली. कोरफडीलाही हिवाळा सरताना तसाच उभा दांडा येतो, तशाच खाली झुकलेल्या नळ्या, पिवळ्या रंगाच्या, आणि शिंजीर तिथेही येतात. पण आपण कोरफड कुंडीत कोंबून सावलीत, मोरीच्या कठड्यावर ठेवतो, पानं कापून डोक्याला लावतो आणि म्हणतो, आमच्या कोरफडीला कधी फूल आलं नाही. तिला उन्हात, मुरमाड वाफ्यात मोकळं बसवा, दोन-तीन वर्षं पानं कापू नका.

म्हणून ताई, तुम्हाला माझं सांगणं असं, की वाफा एकच करा, पण थोडा लांब. एका टोकाला पोकरचे दोन गड्डे, दुसऱ्या टोकाला कोरफडीची चार पिल्लं. माती दोघींना एकच लागते. फक्त सावलीचा ताटवा पोकरच्या बाजूला उभा करा, कोरफडीला त्याची गरज नाही. पुढच्या दसऱ्याला पोकरची जागा रिकामी झालेली दिसली तर कोरफडीची पिल्लं तिकडे सरकवा, आणि जगला असेल तर मला पत्र टाका, दांडा किती फुटांचा आला ते कळवा.

नमस्कार.