अर्धा खोपा

नमस्कार, श्रोतेहो.

पाऊस धरला की आमच्या शिलाईवर्गाच्या मागच्या विहिरीवर गडबड सुरू होते. विहिरीच्या काठाला एक वाकडी बाभूळ आहे, तिच्या फांद्या थेट पाण्यावर झुकलेल्या. गवत हातभर वाढलं की दरवर्षी तिथे सुगरण पक्षी येतात. वर्गातल्या मुली मशीन थांबवून खिडकीशी जाऊन उभ्या राहतात आणि मी त्यांना अडवत नाही. पंचवीस वर्षं मी शिवणकाम शिकवते आहे. त्यातली एक गोष्ट मला त्या बाभळीनं शिकवली. आज तीच सांगायला आले आहे.

आधी एक समजूत बाजूला ठेवू या. नाव सुगरण, म्हणून आपल्याला वाटतं की ही कुणी गुणी बाई आहे आणि पिल्लांसाठी घर विणते आहे. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. एरवी नर आणि मादी दोघंही चिमणीसारखे मातकट दिसतात. विणीच्या दिवसांत मात्र नराच्या डोक्यावर पिवळीधमक टोपी चढते. तो भाताच्या किंवा गवताच्या पात्याला कडेला चोचीनं खाच पाडतो, तिथे पातं घट्ट धरतो आणि उडतो. त्याच्या उडण्याबरोबर पात्याची लांब पट्टी फाटत येते. अशी एकेक पट्टी वीतभरापासून दोन फुटांपर्यंत असते. एका खोप्यासाठी त्याच्या पाचशेपर्यंत खेपा होतात. पट्टी ओलीच लागते, कारण वाळलेली वळत नाही, मोडते. आमच्याकडे इस्त्रीच्या आधी कापडावर पाणी शिंपडतात, ते बघताना मला नेहमी हेच आठवतं.

तर हा नर आधी फांदीला गाठी मारून एक कडं करतो. कड्यावर घुमट चढवतो. आठेक दिवसांत उलट्या टोपीसारखा आकार तयार होतो आणि टोपीखाली हनुवटीला पट्टा असावा तशी एक आडवी दांडी राहते. अंड्यांची खोली झालेली नसते, खाली लोंबणारी नळीही नसते. म्हणजे काम जेमतेम अर्ध्यावर आलेलं असतं. इथे तो थांबतो. त्या अर्ध्या खोप्याला लटकून पंख फडफडवतो आणि ओरडून ओरडून माद्यांना बोलावतो. माद्या येतात, दांडीवर बसतात, आत डोकावतात, एखादी पट्टी ओढून बघतात. पसंत पडलं तर एक मादी तिथे राहते आणि मग नर पुढचं काम हाती घेतो. पूर्ण खोप्याला साधारण अठरा दिवस लागतात. पसंत पडला नाही तर तो अर्धा खोपा तसाच सोडून नवं कडं विणायला घेतो.

श्रोतेहो, मी हे पहिल्यांदा नीट बघितलं ते एका वाईट आठवड्यात. एका लग्नघरचे नऊ खणाचे ब्लाउज मी शिवले होते. अस्तर, हुक, हातशिलाई, सगळं पुरं करून घडी घालून नेऊन दिले. सहा जणींच्या मुंढ्यात ते काचले. सगळे उसवावे लागले. खणाच्या कापडावर सुईची भोकं राहतात, ती काही केल्या जात नाहीत. त्या घरच्या आजी मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसता कापडावरून हात फिरवला. मी उसवत खिडकीशी बसले होते आणि समोर तो पिवळ्या टोपीचा पक्षी अर्धा खोपा दाखवून ओरडत होता. कच्च्या टाक्यावर ट्रायल घ्यायची असते, हे मला काय माहीत नव्हतं? मीच मुलींना शिकवत होते. पण घाई होती, आणि घाईपेक्षाही मोठं कारण असं की आपलं अर्धवट काम कुणाला दाखवायची मला लाज वाटायची. पुरं झालं की एकदम दाखवू, बघणाऱ्यानं वा म्हणावं, असं मनात असायचं.

ही लाज फक्त शिंप्याकडे असते असं नाही. घर बांधताना जमिनीवर चुन्याची फक्की मारलेली असते, तेव्हाच घरातल्या बाईला तिथे उभं करून विचारावं की ओटा इथे चालेल का, खिडकी कुठे हवी. आपण तिला नेतो ते थेट वास्तुशांतीला. ऑफिसातला अहवाल पहिल्या खर्ड्यावरच साहेबांसमोर ठेवला, तर दोन ओळींत सुधारणा होते. महिनाभर झाकून ठेवला की सगळाच फिरवावा लागतो. कड्यावर असताना बदलायचं म्हणजे चार पट्ट्या सोडायच्या. नळी विणून झाल्यावर बदलायचं म्हणजे अठरा दिवस पाण्यात.

आता थोडं डॉ. सालिम अली यांच्याविषयी. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते निसर्गविभागात गाइड लेक्चरर होते. जर्मनीत शिकून 1930 साली परतले तर ते पदच पैशांअभावी बंद झालेलं. दुसरी नोकरी मिळेना, म्हणून ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले आणि तिथेच त्यांनी सुगरणींचा बारकाईनं अभ्यास केला. हा अभ्यास 1931 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं. नोकरी गेलेला चौतिशीतला माणूस पावसात खोप्यांकडे तासन् तास बघत बसतो, नोंदी करतो, हे चित्र मी माझ्या मुलींना आवर्जून सांगते. त्यातल्या बऱ्याच जणी घरी काहीतरी बिनसल्यावरच माझ्याकडे आलेल्या असतात.

सालिम अलींना किहीमला दिसलेली एक गोष्ट मात्र आपल्याला रुचणारी नाही. मादीनं खोपा स्वीकारला, अंडी घातली, की नर बहुधा पुढचा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. अंडी उबवण्याचं काम मादीच्याच वाट्याला येतं. शेजाऱ्याचं लक्ष नाही असं बघून त्याच्या खोप्यातली पट्टी ओढून नेणारे नरही असतात. म्हणून निसर्ग आपला गुरू आहे असं कुणी सरसकट म्हटलं की मला ते पटत नाही. संसार कसा करावा हे मी सुगरणीला विचारणार नाही. काम कसं करावं, हे मात्र जरूर विचारीन.

आणखी एक. एका अभ्यासात असं दिसलं की मादी खोपा निवडते तेव्हा विणीच्या नक्षीपेक्षा जागेला जास्त महत्त्व देते. हे कळलं तेव्हा मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आठवण झाली. तिच्या हातासारखी काज-बटणाची सफाई मी क्वचितच बघितली. पण तिनं दुकान टाकलं माडीवर, अरुंद जिन्याच्या टोकाला. ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका पन्नाशीच्या, साठीच्या. त्यांना तो जिना चढवेना. दोन वर्षं ती स्वतःचीच शिलाई सुधारत राहिली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एसटी स्टँडजवळ खाली एक टपरीवजा गाळा घेतला आणि दिवाळीपर्यंत तिला दोन मदतनीस लागल्या.

कोवळ्या नरांचे पहिले खोपे ओबडधोबड असतात, हेही मुलींना दाखवण्यासारखं आहे. निकोलस आणि एल्सी कॉलियस या अमेरिकन शास्त्रज्ञ दाम्पत्यानं आफ्रिकेतल्या याच कुळातल्या पक्ष्यांवर प्रयोग केले. लहानपणी ज्या नरांना हिरवी पाती मिळाली नाहीत, त्यांना मोठेपणी धड विणता येईना. विणण्याची ओढ जन्मतः असते, पण हात बसायला पाती लागतात. म्हणून नव्या मुलीला मी महिनाभर नुसता कागद शिवायला देत नाही. पहिल्याच दिवशी चिंध्या का होईनात, खरं कापड देते.

भाद्रपद सरला की बाभळीवर काही पूर्ण खोपे आणि काही अर्धे राहिलेले दिसतात. पुऱ्या झालेल्या जुन्या खोप्यांत कधी मुनिया येऊन राहतात. गेल्या वर्षी वाऱ्यानं एक अर्धा खोपा खाली पडला, तो मी वर्गात खिळ्याला टांगून ठेवला आहे. मुली त्याच्या गाठी बोटांनी चाचपून बघतात.

काल त्यातलीच एक मुलगी आयुष्यातली पहिली बाही कच्च्या टाक्यावर घालून माझ्यासमोर उभी राहिली. मुंढा अर्धा इंच चुकला होता. मी खडूनं खूण केली, तिनं दोरा ओढून काढला आणि ती मशीनकडे परत गेली.

नमस्कार.