सरासरीच्या आड राहिलेले पाडे

मित्रहो, देशाच्या आरोग्याविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा एकच आकडा पुढे करतो. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारताचा अर्भकमृत्यूदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण, हजार जिवंत जन्मांमागे २८ होता. त्याच पाहणीत केरळचा दर ६ आणि मध्य प्रदेशचा ४३ होता. महाराष्ट्राचा १६ होता आणि त्याचे समाधान मलाही आहे. पण त्या सोळात नाशिक शहरातले गंगापूर रोडवरचे घर आणि त्याच जिल्ह्यातल्या आदिवासी सुरगाण्याचा पाडा एकाच मापाने मोजलेले असतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातील अनुसूचित जमातींमध्ये पाच वर्षांखालील बालमृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे ५७ होते, तर अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांत न मोडणाऱ्या कुटुंबांत ते ३९ च्या आत होते. ही तफावत रक्तातून आलेली नाही. ती रस्ता, पाणी, मजुरी आणि शिक्षण यांतून आली आहे.

शासनाला हे कळत नाही असे मुळीच नाही. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, तर डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे एक, हा निकष याच जाणिवेतून आला. तरीही तो माणसे मोजतो, अंतर मोजत नाही. निफाडला तीन हजार माणसे एकाच गावात सापडतील. पेठला तेवढीच माणसे नदी-नाल्यांनी तोडलेल्या कितीतरी पाड्यांवर विखुरलेली असतात आणि पावसाळ्यात कळा सुरू झालेल्या बाईला झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. शिवाय दवाखान्याची एक खेप म्हणजे तिच्या आणि सोबत्याच्या अशा दोघांच्या मजुरीवर पाणी. उपचार मोफत असला, तरी तिथवर पोहोचणे मोफत नसते.

त्यातही मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते या पाड्यांवरून मजुरीसाठी होणारे स्थलांतर. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेच्या बांधावर मी चार महिन्यांचे बाळ तपासत होतो. आईला लसीकरणाचे कार्ड मागितले, तर ते गावी पत्र्याच्या पेटीत राहिले होते. बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाविरुद्धच्या लशीचा, वण दिसला, एवढाच काय तो पुरावा. मांडीत टोचलेल्या लशी अशी खूण ठेवत नाहीत. तिच्या पाड्यावरच्या आशाताईंच्या वहीत हे बाळ ‘गावी नाही’ असे नोंदले गेले असणार आणि ज्या गावच्या शिवारात ते झोपले होते, तिथल्या यादीत त्याचे नावच नव्हते. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर होत्या.

अशा बाळाला शहरातल्या बाळाइतकीच सेवा देऊन भागणार नाही, त्याच्यासाठी अधिक खर्च आणि अधिक माणसे लागतील. ज्याची गरज जास्त त्याला जास्त देणे, यालाच मी समन्याय म्हणतो. हे काम एकट्या आरोग्य खात्याचे नाही, बागाईतदारांचेही आहे. मजुरांची टोळी कधी उतरणार, किती माणसे येणार, कोणाला किती उचल दिली, हे सारे बागाईतदाराला आणि मुकादमाला आधीच ठाऊक असते. त्यांनी त्याच दिवशी जवळच्या उपकेंद्राला एक फोन करून सोबत आलेल्या गरोदर बाया आणि तान्ही बाळे सांगितली, तर आरोग्यसेविका लशींची पेटी घेऊन थेट बांधावर जाऊ शकेल. छाटणीच्या येत्या हंगामापासून एवढे सुरू करा, अशी माझी आज इथे बसलेल्या प्रत्येक बागाईतदाराला विनंती आहे.