नंदादेवी : पायथाच हाती लागेना असा डोंगर

(ठाण्यात गिर्यारोहकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोरच्या निम्म्या लोकांची बोटं मुंब्र्याच्या कातळावर सोलवटलेली दिसतायत, त्यामुळे रोप, हार्नेस वगैरे समजावत बसत नाही. थेट डोंगराकडे येतो.

उत्तराखंडातली नंदादेवी. उंची ७८१६ मीटर. कांचनजंगा तिच्याहून उंच, पण ते नेपाळच्या सीमेवर आहे. संपूर्णपणे भारतात उभं असलेलं सर्वांत उंच शिखर हेच. तरी मोहिमांच्या गप्पांत हल्ली तिचं नाव निघत नाही, कारण ‘आठ हजारी’, म्हणजे आठ हजार मीटरवरच्या शिखरांच्या यादीत ती बसत नाही. १८४ मीटर कमी पडले! मला ही यादीच गमतीची वाटते. फुटांत मोजणाऱ्या माणसाला आठ हजारांची ती रेघ दिसलीही नसती. १९३६ साली नंदादेवी सर झाली, तेव्हा माणूस पोहोचलेलं ते जगातलं सर्वांत उंच शिखर ठरलं. १९५० मध्ये फ्रेंचांनी अन्नपूर्णा चढेपर्यंत हा मान तिच्याकडेच होता.

पण उंचीसाठी तिच्याकडे जायचंच नसतं. तिची खरी गंमत तिच्या जागेत आहे. तुम्ही गडांवर फिरणारी माणसं, तुम्हाला चटकन कळेल. मधोमध बालेकिल्ला आणि भोवती तट. हा तट सुमारे ११० किलोमीटर घेराचा आणि सरासरी सहा हजार मीटर उंचीचा. त्रिशूळ, दुनागिरी, चांगबांग, कलंका, हरदेओल हे त्याचे बुरूज. यातले त्रिशूळ, दुनागिरी आणि हरदेओल तर स्वतःच सात हजार मीटरच्या वरचे. आतल्या हिमनद्यांचं सगळं पाणी एकाच ठिकाणाहून बाहेर पडतं, पश्चिमेकडे, ऋषीगंगेच्या घळीतून. दरवाजा म्हणायचा तर तो तेवढाच, आणि तोही माणसांसाठी केलेला नाही.

म्हणून झालं काय, की पन्नास वर्षं लोक शिखर सोडाच, पायथा शोधत होते. १८८३ मध्ये ग्रॅहॅम हा ब्रिटिश गिर्यारोहक घळीतून परत फिरला. १९०५ मध्ये लाँगस्टाफ हा दुसरा ब्रिटिश पूर्वेकडून तटाच्या एका खिंडीवर चढला आणि आत डोकावून आला. आत उतरणं काही जमलं नाही. दोन वर्षांनी त्याने ७१२० मीटरचा त्रिशूळ सर केला, पण ऋषीगंगेच्या वरच्या घळीपुढे त्याचीही मात्रा चालली नाही.

१९३४ मध्ये एरिक शिप्टन, बिल टिलमन हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक आणि आंगथारके, पासांग, कुसांग हे तीन शेर्पा तिथे आले. पाचच माणसं, खर्च बेताचा. (आजच्या मोहिमांचं बजेट ऐकलं की मला या पाचजणांची आठवण होते.) नदीचं पात्र दोन्ही अंगांच्या कड्यांत आवळलेलं, पात्रातून चालणं अशक्य. म्हणून कड्याच्या मधल्या अरुंद पट्ट्यांवरून आडवं जायचं, पट्टा संपला की वर किंवा खाली दुसरा शोधायचा. शेवटच्या काही किलोमीटरना आठवड्याहून जास्त दिवस गेले. पोहोचले तेव्हा समोर कुरणं होती आणि निवांत चरणारे भरलांचे, म्हणजे रानमेंढ्यांचे कळप. मधे ती एकटी, पायथ्याच्या हिमनदीपासून तीन हजार मीटरहून जास्त सरळ वर गेलेली.

शिखर मात्र दोन वर्षांनी, ब्रिटिश-अमेरिकन मोहिमेत. तेही ऑगस्टमध्ये, म्हणजे भर पावसाळ्यात. ऑगस्टमध्ये ओढे कसे फुगतात ते तुम्हाला सांगायला नको. घळीत पाणी चढलं, बरेच हमाल माघारी फिरले आणि मंडळींनी स्वतः ओझी वाहिली. शेवटच्या चढाईला मोहिमेतले ओडेल आणि ह्यूस्टन जाणार होते. वरच्या कॅम्पवर डब्यातलं खराब मांस खाऊन ह्यूस्टन आजारी पडला. त्याच्या जागी टिलमन वर गेला आणि २९ ऑगस्टला ओडेलसोबत माथ्यावर पोहोचला. त्याच मोहिमेत कितार नावाचा शेर्पा बेस कॅम्पवर आजारपणात गेला. त्याचं नाव या गोष्टीतून हमखास गळतं, म्हणून मुद्दाम घेतो.

तिचं पूर्व शिखर ७४३४ मीटरचं. ते तटावरच असल्यामुळे बाहेरून, मुनस्यारी-मिलमच्या बाजूने चढता येतं. १९३९ मध्ये पोलिश गिर्यारोहकांनी ते सर केलं. दोन्ही शिखरांना जोडणारी सुमारे दोन किलोमीटरची धार हे या डोंगराचं सर्वांत मोठं आमिष. १९५१ मध्ये दुप्ला आणि विन्य हे दोघे फ्रेंच त्या धारेसाठी गेले ते परतलेच नाहीत. शेवटी १९७६ च्या भारत-जपान मोहिमेत हा ट्रॅव्हर्स, म्हणजे धारेवरून एका शिखरावरून दुसऱ्यावर जाणं, पूर्ण झाला.

भारतीयांनी मुख्य शिखर १९६४ मध्ये गाठलं, नवांग गोम्बू आणि दावा नोर्बू यांनी. पुढच्याच वर्षी चीनवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेच्या मदतीने प्लुटोनियमवर चालणारं यंत्र वर नेताना हवामान बिघडलं, ते वाटेतच ठेवावं लागलं, आणि नंतर सापडलं नाही. १९७८ मध्ये खुद्द मोरारजी देसाईंनी संसदेत हे मान्य केलं. यावर प्रश्न येणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो : ७ फेब्रुवारी २०२१ चा ऋषीगंगेचा पूर रौंठी शिखरावरचा खडक आणि बर्फ एकत्र कोसळून आला. त्याचा त्या यंत्राशी संबंध जोडायला आधार नाही.

आता तुमचा आवडता प्रश्न : ती गिर्यारोहकांना बंद का? सत्तरच्या दशकात मोहिमांची रीघ लागली. सरपणासाठी झुडपं तुटली, कचरा साठला, शिकार झाली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि आतला भाग बंद. १९९३ मध्ये लष्कराची एक मोहीम आत गेली, तिने शिखर सर केलं आणि कचराही खाली आणला. बंदी मला पटते. पण तिची किंमत आपण भरली नाही. ऋषीगंगेच्या घळीजवळच्या लाता गावच्या लोकांची हमाली गेली, वाटाडेपण गेलं, गुरांची कुरणं गेली. नंदा त्यांची देवी, गावात तिचं देऊळ, आणि तिच्याच अंगणात त्यांना मज्जाव. १९९८ मध्ये त्यांनी ‘झपटो छीनो’ (झडप घाला, हिसकावून घ्या) आंदोलन केलं ते उगाच नाही. उद्या फाटक उघडायचंच ठरलं, तर पहिला हक्क लाताचा, मग आपल्यासारख्यांचा.

तोपर्यंत ज्यांना तिला नुसतं बघायचंय त्यांनी जोशीमठजवळचं औली किंवा कुआरी पास (खिंड) गाठावा. आकाश स्वच्छ असेल तर दुनागिरी आणि नंदादेवी दोन्ही दिसतात. आणि ज्यांच्या डोक्यात पूर्व शिखर आहे, त्यांनी आधी सहा हजारी शिखरांवर दोन-तीन मोसम काढावेत. २०१९ मध्ये त्याच भागात हिमप्रपाताने आठ जणांचा बळी घेतला, आणि त्यांचा म्होरक्या हिमालयात अनेक वर्षं चढाई केलेला माणूस होता.