पंचवीस वर्षांची किंमत

मार्च २००० मध्ये कॅलिफोर्नियातील एका गोल्फ मैदानाच्या दुकानातून एक माणूस लंगडत बाहेर पडला. प्रत्येकी ३९९ डॉलर किमतीच्या तीन गोल्फ स्टिक त्याने पँटच्या पायात लपवल्या होत्या. जबरी चोरी आणि घरफोड्यांची शिक्षा भोगून पॅरोलवर सुटल्याला त्याला जेमतेम दहा महिने झाले होते. आधी दोन गंभीर गुन्हे नावावर असलेल्याला पुढच्या गुन्ह्यासाठी जबर शिक्षा देणाऱ्या, १९९४ च्या ‘थ्री स्ट्राइक्स’ कायद्यानुसार त्याला किमान २५ वर्षे आत काढावी लागतील अशी जन्मठेप झाली आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी कायम केली.

१९७२ मध्ये अमेरिकेत दर एक लाख रहिवाशांमागे १६१ जण गजाआड होते. २००७ मध्ये ही संख्या ७६७ झाली. १९९१ नंतर तिथले हिंसक गुन्हे बरेच घटले आणि त्यात तुरुंगांचाही काही वाटा होता, हे मान्य केलेच पाहिजे, कारण सराईत दरोडेखोर आत असेपर्यंत त्याच्यापासून बाहेरच्यांना धोका नसतो. परंतु तुरुंग वाढत जातात तसतसे कमी धोक्याचे लोक आत येऊ लागतात, अमली पदार्थ विकणारा एक जण पकडला गेला की त्याच नाक्यावर दुसरा उभा राहतो, आणि लांब शिक्षा झालेला कैदी गुन्हे करण्याचे वय उलटून गेल्यावरही सरकारी खर्चाने म्हातारा होत राहतो. कॅलिफोर्नियात एका कैद्यामागे आता वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक खर्च येतो.

एवढे करूनही जागा पुरली नाही. सुमारे ८०,००० कैद्यांसाठी बांधलेल्या या राज्याच्या तुरुंगांत जवळजवळ दुप्पट माणसे कोंबलेली होती. व्यायामशाळेत खाटांवर खाटा रचून दोनशे जण राहत, त्यांच्यावर पहारा दोघा-तिघांचा असे. काही ठिकाणी ५४ जणांना मिळून एकच शौचालय होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गर्दी कमी करण्याचा आदेश उचलून धरला आणि हजारो कैदी कमी झाले. त्यामुळे हिंसक गुन्हे वाढल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. वाहनचोऱ्या मात्र वाढल्या, आणि ज्याचे वाहन गेले त्याच्या दृष्टीने हे नुकसान मुळीच किरकोळ नाही.

शिक्षेच्या लांबीपेक्षा पकडले जाण्याच्या खात्रीचा धाक अधिक असतो, असे गुन्हेशास्त्राचे अभ्यास सातत्याने सांगतात. गोल्फ स्टिक चोरल्या गेल्या तेव्हा तो कठोर कायदा लागू होऊन सहा वर्षे झाली होती. चोर सापडला तो दुकानातल्या एका कर्मचाऱ्याने त्याचे लंगडणे पाहून पोलिसांना फोन केला म्हणून.