पंधरा अक्षरांची यादी आणि अडलेला दावा

पेटंटच्या कामाला नव्यानं लागलेल्या प्रत्येक संशोधकाला मी एक निकाल आधी वाचायला देतो. अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाचा, २००९ सालचा, ‘इन रे ग्लीव्ह’. जैवतंत्रज्ञानात ‘हे आधीच प्रसिद्ध झालेलं आहे’ म्हणजे नेमकं काय, हे त्यातून फार स्पष्ट कळतं.

आयजीएफबीपी-२ आणि आयजीएफबीपी-५ अशी दोन प्रथिनं आहेत. त्यांच्या जनुकांत काही ठिकाणी मजकूर, म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांचा क्रम, जवळजवळ सारखा आहे. त्या जागेला जुळणारा डीएनएचा छोटा अँटिसेन्स तुकडा, म्हणजे जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याला अडवणारा तुकडा, केला, तर एकच रेणू दोन्ही प्रथिनांची निर्मिती रोखू शकतो. संप्रेरकांशी जोडलेल्या कर्करोगांवर उपचार म्हणून संशोधक ग्लीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हे मांडलं. कल्पना खरोखर देखणी आहे. पेटंटचा दावा, म्हणजे हक्काची मागणी, मात्र त्यांनी या वापरावर नव्हे, तर तुकड्यावरच केला.

आडवा आला तो राइट यांचा आधीचा पेटंट अर्ज. त्यात आयजीएफबीपी-२ जनुकातल्या १५ अक्षरी तुकड्यांची यादी होती, १४०० हून अधिक नोंदींची. अशी यादी कशी तयार होते ते पाहा. समजा, २० अक्षरांची पट्टी आहे. त्यावर १५ अक्षरांची चौकट ठेवा: पहिलं ते पंधरावं अक्षर, हा पहिला तुकडा. चौकट एक घर सरकवा: दुसरं ते सोळावं. असं करत ६ तुकडे मिळतात. १००० अक्षरांतून ९८६. यात कुणी काही निवडलेलं नसतं, काही तपासलेलंही नसतं. यादीत मूळ धाग्याचे तुकडे होते, अँटिसेन्स नव्हे, पण ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’ या नियमानं जोडीचा उलटा तुकडा लिहायला जाणकाराला वेळ लागत नाही.

ग्लीव्ह यांचं म्हणणं असं, की नुसती यादी म्हणजे ज्ञान नव्हे. कोणता तुकडा काम करतो हे ती सांगत नाही. हा मुद्दा मला आजही मनापासून पटतो. प्रयोगशाळेत वर्षं घालवलेल्या कुणालाही पटेल.

न्यायालयानं तो मान्य केला नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनं मला न्यायालयाचंच बरोबर वाटतं. नावीन्याच्या कसोटीत पाहायचं ते एवढंच: दावा केलेली वस्तू आधीच्या लेखनात आहे का, आणि ते वाचून जाणकाराला ती बनवता येते का? अक्षरक्रम हातात असला की तुकडा तयार करणं हे नेहमीचं काम आहे. वस्तूचा उपयोग आधीच्या लेखनात सिद्ध झालेला असण्याची गरज नाही. इथे पुष्कळ जण अडखळतात, कारण स्वतः पेटंट मागताना उपयोग दाखवावाच लागतो. दुसऱ्याचा दावा अडवणाऱ्या लेखनाला ती अट नाही. औषधाच्या परिणामाचा पुरावा आधीच्या लेखनात लागत नाही, हे त्याच न्यायालयानं २००५ मध्ये रासमुसन प्रकरणातही म्हटलं होतं.

मग दोन्ही जनुकांना चिकटण्याचा गुण? तो त्या रेणूच्या अंगचाच होता. यादी लिहिली त्या दिवशीही होता, फक्त कुणाच्या लक्षात आलेला नव्हता. जुन्या वस्तूचा नवा गुण कळला म्हणून वस्तू नवी ठरत नाही. नव्या उपयोगाच्या पद्धतीवर दावा करण्याचा मार्ग कायद्यात वेगळा आहे. म्हणूनच मी संशोधकांना सांगतो, तुमचा शोध वस्तूचा आहे की वापराचा, हे दावा लिहिण्याआधी ठरवा. आणि फक्त शोधनिबंध चाळू नका. जुन्या पेटंट अर्जांच्या शेवटी जोडलेल्या अक्षरक्रमांच्या कंटाळवाण्या तक्त्यांतही तुमचा क्रम शोधा.

राइट यांनी ‘या जनुकातला कोणताही १५ अक्षरी तुकडा’ एवढंच मोघम लिहिलं असतं, तर वाद वेगळ्या जागी गेला असता. एवढ्या वर्णनावरून जाणकाराला त्या समूहातला एकेक तुकडा लगेच डोळ्यांसमोर आणता येतो का, हे तपासावं लागलं असतं, आणि ग्लीव्ह यांना बोलायला बरीच जागा मिळाली असती. पण इथे एकेक तुकडा अक्षरशः लिहून ठेवलेला होता.