र कुठे बसतो?

[दृश्य: यंत्रमाग चालू. वर सरकणारी पुठ्ठ्यांची माळ.]

सोलापूरचा पूर्व भाग. मागाच्या डोक्यावर जकार्ड, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, आणि जकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची ही माळ. आडवा धागा एकदा गेला की एक पुठ्ठा पुढे सरकतो. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चादरीवरचा मोर असा एकेका पुठ्ठ्यानं उतरतो. डिझाइन बंद झालं की अख्खी माळ रद्दीत.

आपल्याला हवी आहे ती ही रद्दी. तिच्यातून अक्षरांचे पत्ते करायचे आणि शब्द जुळवायचा डाव मांडायचा.

[दृश्य: पट्टी, कात्री, खळीचं भांडं.]

पाच सेंटिमीटरचे चौकोन कापायचे. वर कोरा कागद चिकटवायचा, तोही दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला लावला तर पुठ्ठा वाळताना वाकतो. शिवाय मागची भोकं उघडी राहिली तर पोरं भोकांवरून पत्ता ओळखतात. मैद्याची खळ घट्ट हवी. मग रात्रभर वजनाखाली.

सकाळी शाई. एका पत्त्यावर एक अक्षर, मात्रेसकट. का हे एक अक्षर, द्धे हेही एकच. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही; अंगण तीनअक्षरीच. र, क, न, त, ल, स यांचे पत्ते जास्त काढा. ङ आणि ञ यांच्यावर शाई घालवू नका. ण आणि ळ हवेतच, पण मराठी शब्द त्यांनी सुरू होत नाही. हातात आले की पहिली जागा त्यांना बंद.

[दृश्य: टेबलावर चार पत्ते, कॅमेरा वरून.]

का, र, खा, ना. चारही वापरले तर कारखाना, तो कुणालाही दिसतो. मागणी आहे तीनअक्षरींची. चारांतून तीन पत्ते ओळीनं लावायच्या रीती २४. सगळ्या लावून बघणारा दमतो. त्यापेक्षा एक पत्ता धरायचा आणि तो कुठे बसतो एवढंच बघायचं. इथे र धरू. बाकी तिघांना काना आहे, हाच एकटा मोकळा.

र पहिला ठेवला तर सहा रीती, त्यांत एक शब्द: रकाना. र मधे, पुन्हा सहा: खारका. र शेवटी: नाकार. आणि र गाळलाच, तर उरलेल्या सहांतून काही निघत नाही.

आता हा हात बघा. र शेवटी, आणि लावलं काय? खानार. कानाला बरोबर, पत्त्यावर चूक. खाणारला ण लागतो, इथे ना आहे. शब्द बाद. ज्या घरात पाणी 'पानी' होतं, तिथे हा घोळ ठरलेला.

खारकांवरून भांडण होणारच. मूळ शब्द खारीक. खारका हे अनेकवचन. ते चालतं की नाही हे डाव मांडण्याआधी ठरवा. आम्ही म्हणू, चालू द्या. नाहीतर दोनअक्षरींतून काखाही जातात, मग वर काय करायचं? दोनअक्षरी तशा ढिगानं मिळतात: खार, नार, कार, काना, नाका, खाना, खाका, काखा. १२ रीतींत ८ शब्द. त्यांना गुण देऊच नयेत.

[दृश्य: चादरीच्या दुकानाची पाटी.]

पाटीवर थांबू. सोलापूर, यात पू दीर्घ. सोलापुरी चादर, यात पु ऱ्हस्व. पाट्यांवर मात्र 'सोलापूरी' सर्रास. साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम सांगतात की शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ, आणि शेवटी दीर्घ स्वर असेल तर आधीचा ऱ्हस्व. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचं वेगळं.

शाळेत हा नियम पाठ करतात आणि विसरतात. इथे तो डाव जिंकून देतो.

[दृश्य: नवे चार पत्ते.]

का, पू, स, र. पू मधे बसवला की त्याच्यापुढे का येऊच शकत नाही. र किंवा स हवा. सहातल्या दोन रीती तिथेच गेल्या. उरल्या कापूर, कापूस, रपूस, सपूर. दोन शब्द, दोन कचरा.

मोठ्यांचा डाव वेगळा. फक्त व्यंजनं धरायची, मात्रा मोकळ्या. सोलापूरची स, ल, प, र घेतली तर पसारा, सुपारी, परीस, पोलीस. चारही व्यंजनं लावायची असतील तर क्रियापद चालवून घ्यावं लागतं: पसरला.

या खेळानं ऱ्हस्व-दीर्घ हाताखालून जातं.

[दृश्य: सिद्धेश्वर तलाव. हातात फोन.]

फोनवरही शब्द शोधता येतात, पण मोजणी बघून घ्या. सिद्धेश्वर चारअक्षरी. मात्रा आणि हलन्ताची खूण वेगळी मोजणारं ॲप त्याला १० म्हणतं. जोडाक्षर फोडणारं ६ म्हणतं. देवनागरी जोडाक्षर एक धरण्याचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या मानकात, २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. ॲप घेतलंच तर आधी त्यात सिद्धेश्वर टाका. ४ आले नाहीत तर त्याची चारअक्षरींची यादी धरू नका.